सुधाकरकाकांचा डावा पाय

जरा कल्पना करा. मे महिन्याची सुट्टी आहे, नुकतं कुठे उजाडलंय, आणि तरीही तुम्ही अंथरुणात नाही. तुम्ही एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. गाडीच्या टपावर मोटर ट्रेनिंग स्कूलची पिवळी पाटी आहे, मागच्या काचेवर लाल रंगाचं भलंमोठं ‘एल’ आहे, आणि गाडी चालवतेय तुमची आई. तिने स्टिअरिंग असं घट्ट आवळलंय की जणू पकड ढिली झाली तर ते खिडकीतून उडून जाईल. मागून कंटेनरवाला हॉर्नवर हॉर्न देतोय. आईच्या शेजारी बसलेले शिकवणारे काका म्हणतायत, “आरामात, म्याडम, एकदम आरामात.” आणि तुम्हाला मोठ्याने ओरडावंसं वाटतंय. भीतीने नव्हे हं. वैतागाने.

जमलं? मग आता तुम्ही श्रुती झालात.

श्रुतीला सुट्टीत इतक्या लवकर उठायची काही हौस नव्हती. पण त्या महिन्यात बाबांना सायली गावातल्या कंपनीत रात्रपाळी होती, आणि दहा वर्षांच्या मुलीला घरी एकटं ठेवायचं नाही, हा आईचा नियम होता. त्यामुळे आईच्या प्रत्येक क्लासला श्रुती मागे हजर. जांभया देत, पण हजर.

तिची आई, म्हणजे अश्विनी टीचर, सिल्वासातल्या एका सरकारी मराठी शाळेत गणित शिकवायची. एप्रिल संपता संपता तिची बदली झाली ती थेट खानवेलच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. आई जाऊन शाळा बघूनही आली. शाळा तिला आवडली, मुलं तर फारच आवडली. घोडं अडलं बसपाशी. तिकडे जाणारी बस शाळा भरून गेल्यावर पोचायची, आणि परतीची बस शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. ज्याने कोणी ते वेळापत्रक केलं होतं, त्याने शाळेचं तोंड आयुष्यात पाहिलेलं नसावं, असं आईचं मत होतं.

मग उरलं काय? एक तर आईने स्वतः गाडी चालवत रोज जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. नाहीतर खानवेलला खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. शाळा जूनमध्ये उघडणार होती. त्याआधी लायसन्स मिळालं तर आई रोजची. नाही मिळालं तर आई शनिवारची.

 हे ऐकलं त्या रात्री झोपताना श्रुतीने आईच्या अंगावर पाय टाकला, आणि एवढं उकडत असूनही आईने तो बाजूला केला नाही.

इतकी साधी सरळ गोष्ट होती. गाडी शिकायची, परीक्षा द्यायची, संपलं. पण मोठ्या माणसांच्या हातात साधी गोष्ट पडली की तिचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात एकच वाद सुरू झाला: आईने गेअरची गाडी शिकायची, की ऑटोमॅटिक?

“गेअरचीच,” बाबा म्हणाले. बाबांचं नाव जयवंत. कंपनीतली मशिनं बिघडली की ती दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांनी गेल्या वर्षी एका मित्राकडून जुनी गाडी घेतली होती, अर्थातच गेअरची, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. “ऑटोमॅटिक म्हणजे काय गाडी आहे? तो जत्रेतला पाळणा. बसायचं नि फिरायचं. गाडी हातात आली पाहिजे, अश्विनी, हातात!”

“मला ती हातात नकोय हो,” आई म्हणाली. “मला तिच्यात बसून शाळेत जायचंय.”

ठाण्याहून विशालमामाचा फोन आला. “ताई, कुठल्या काळात राहता तुम्ही लोक? इथे निम्मं ठाणं ऑटोमॅटिक चालवतंय. आणि लायसन्स तर एकच असतं. तू ऑटोमॅटिकवर परीक्षा दे, मग गेअर काय, भावोजी शिकवतीलच.”

“भावोजी शिकवतील?” आईने असं काही विचारलं की मामाने लगेच हवापाण्याचा विषय काढला.

कारण भावोजींनी शिकवून झालं होतं. एका रविवारी बाबा आईला घेऊन सायलीच्या एका मोकळ्या प्लॉटवर गेले होते. श्रुती मागे होतीच. बाबा म्हणाले, “क्लच सोड.” आईने सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. बाबा म्हणाले, “असा नाही गं, हळू!” आईने हळू सोडला. गाडी हळूच उडी मारून बंद पडली. बाबा म्हणाले, “अगं, इंजिनाचा आवाज ऐक ना! ते सांगतंय तुला!” आई म्हणाली, “मला तुमच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाहीये.” त्यानंतर आई गाडीतून उतरली आणि सरळ चालायला लागली, आणि बाबांना गाडी पहिल्या गेअरमध्ये तिच्या मागून रांगवत पार मेन रोडपर्यंत यावं लागलं. खिडकीतून ते “बस गं, बस” म्हणत होते. आई बसली, पण मागे, श्रुतीजवळ.

शेजारच्या बायडाबाई धुळ्याकडच्या. सायलीत धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला जायच्या. त्यांनाही मत होतंच. “मास्तरीणबाई, ते गेअरबिअर कशाले पाहिजे तुम्हाले? माझ्या जावयाने ऑटोमॅटिक घेतली. तो एका हाताने वडापाव खातो आणि एका हाताने गाडी चालवतो!”

“बघितलं?” बाबा विजयी स्वरात म्हणाले. “असली माणसं ऑटोमॅटिक चालवतात.”

वाद असा रोज उकळत राहिला, आणि रोज तिथल्या तिथेच राहिला. आई कुठे जाणार आहे, तिकडे चढ किती आहेत, तिच्याकडे वेळ किती आहे, हे कुणीच विचारलं नाही. श्रुती पोळी कुरतडत एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, अरे, पण आधी शिकू तर दे तिला!

शेवटी आईनेच कंटाळून सोक्षमोक्ष लावला. “गेअरची शिकते. तुमचं तोंड बंद होईल म्हणून शिकते. पण तुमच्याकडून नाही.” आणि किलवणी नाक्याजवळच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये तिने नाव घातलं.

तिथे सुधाकरकाका भेटले.

सुधाकरकाका शिरपूरकडचे. पूर्वी कंटेनर चालवायचे, आता गुडघ्यांनी तक्रार केली म्हणून लोकांना शिकवायचे. आवाज लोण्यासारखा मऊ. इतक्या वर्षांत शिरपूर, सिल्वासा आणि हायवे अशा तिन्ही ठिकाणची भाषा त्यांच्या तोंडात एक झाली होती. “चालो म्याडम, फर्स्ट टाका. क्लच सोडा आरामात. बस्स, एकदम मख्खन! पाहिलं ने?”

आणि नवल म्हणजे गाडी खरोखर लोण्यावरून जावी तशी निघाली! पहिल्याच दिवशी. आईचा स्वतःवर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ती किलवणी रोडवर थर्ड गेअरपर्यंत गेली. आठवडाभरात ती सायली रोडच्या ट्रकांच्या रांगेत न घाबरता शिरायला लागली. गाडी कधी उडी मारायची नाही, कधी बंद पडायची नाही.

“बघा,” घरी आई बाबांना म्हणायची. “शिकवणारा नीट असला की सगळं येतं.”

“मी म्हणालो नव्हतो, गेअरचीच घे?” बाबा म्हणायचे. शिकवण्याचा टोमणा त्यांना ऐकूच यायचा नाही.

श्रुतीला खूप आनंद झाला होता. पण मागे बसून बसून तिला एक गोष्ट खटकायला लागली. ती आईच्या मागच्या जागेवर बसायची. तिथून दोन सीटांच्या फटीतून तिला सुधाकरकाकांचे पाय दिसायचे. ट्रेनिंगच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, आयत्या वेळी गाडी सावरायला. तिथला क्लच दाबला की जोडलेला असल्यामुळे शिकणाऱ्याचा क्लचही आपोआप खाली जातो. तिथला सोडला की तोही वर येतो. हे सुधाकरकाकांनीच सांगितलं होतं. मग तशी वेळ नसताना काकांचा डावा पाय सारखा खाली-वर का होतो?

मग एके दिवशी सायलीच्या फाट्यावर काकांच्या चपलेचा अंगठा तुटला. गाडी सिग्नलला थांबलेली होती. काकांनी पाय उचलून मांडीवर घेतला आणि खिशातून पिन काढून चपलेत खुपसायला लागले. सिग्नल हिरवा झाला. आईने नेहमीसारखं फर्स्ट टाकलं, नेहमीसारखा पाय वर घेतला, आणि गाडी एक जोरदार आचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. मागे ट्रकवाले बोंबलायला लागले. काकांनी घाईघाईने चप्पल टाकली, पाय खाली नेला, म्हणाले, “आता करा, म्याडम.” आणि गाडी निघाली. लोण्यासारखी.

“काय झालं मला आज?” आई कपाळ पुसत म्हणाली. “लक्षच नव्हतं माझं.”

“गाडी जुनी आहे, म्याडम. कधी कधी नखरे करते,” काका म्हणाले.

मागे श्रुतीने सगळं पाहिलं होतं. आईचं लक्ष होतं, आणि गाडीनेही काही नखरे केले नव्हते.

क्लास संपल्यावर आई समोरच्या दुकानात दूध घ्यायला गेली, तेव्हा श्रुतीने काकांना गाठलं. “काका, आईचा क्लच तुम्ही दाबता ना?”

काका दचकले. इकडेतिकडे बघून म्हणाले, “श्श! हळू बोल, बेटा. म्याडमला सांगू नको. त्यांचा कॉन्फिडन्स जाईल.”

“पण मग तिला येतं की नाही?”

“येईल ने. असं बघ, नवीन माणूस क्लच जाळून टाकतो. मग प्लेट बदलायला लागते आणि सेठ माझ्या नावाने शंख करतो. म्हणून मी आपला थोडा पाय लावतो. सगळ्यांनाच लावतो. लोक खुश राहतात, गाडी खुश राहते, सेठ खुश राहतो. मग लोक आपापल्या घरच्या गाडीवर शिकतात हळूहळू.”

“पण शुक्रवारी परीक्षा आहे! तेव्हा तुम्ही असणार का शेजारी?”

“तेव्हा आरटीओचा साहेब बसतो.”

“मग?”

“मग…” काकांनी मान खाजवली. “तेव्हाचं तेव्हा बघू.”

तेव्हाचं तेव्हा बघू! श्रुतीला पाय आपटावेसे वाटले. तिने गणिताच्या पेपरच्या आधी असं म्हटलं असतं, तर घरात केवढं महाभारत झालं असतं!

आता काय करायचं? बाबांना सांगायचं तर बाबा पडदे लावून झोपलेले, आणि रात्रपाळीच्या माणसाला उठवायचं नाही हा आईचा दुसरा नियम. ते उठले तेव्हा फोनवर मामाला ऐकवत होते, “अरे, बहीण तुझी काय गाडी चालवते! गेअरची, हं!” श्रुती “बाबा, बाबा” म्हणत मागे उभी राहिली, तर त्यांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांना वाटलं, तिला तहान लागलीय.

राहिली आई. ती तर चक्क गुणगुणत स्वयंपाक करत होती. श्रुतीच्या जिभेवर शब्द आले आणि ती ते पुन्हा गिळणार होती, तेवढ्यात आई म्हणाली, “खानवेलच्या खोलीवाल्यांना आज ‘खोली नको’ म्हणून कळवून टाकलं. कशाला उगाच त्यांना अडकवून ठेवायचं? आता मी रोज घरी.”

मग मात्र श्रुतीने सगळं सांगून टाकलं. चप्पल, पिन, पाय, सगळं.

आई ऐकत होती. हातातलं उलथनं तसंच थांबलं. मग ती म्हणाली, “श्रुती, इतके दिवस मी गाडी चालवतेय. मला कळणार नाही, की क्लच कोण सोडतंय ते?”

“नाही कळणार. तुझाच पाय वर येतो. पण तो त्यांच्यामुळे येतो.”

“एक दिवस गाडी बंद काय पडली, तर लगेच आईला काही येत नाही, होय? बाबांचं ऐकून ऐकून तूही तशीच झालीस!”

श्रुतीचे डोळे भरून आले. बाबांसारखी! ज्या बाबांनी तिला बाटली दिली! तिने ताट तसंच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. सांगितलं तरी पंचाईत, न सांगितलं तरी पंचाईत. आणि परीक्षा परवावर आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, काका आणि श्रुती गाडीत बसली. आई श्रुतीशी कामापुरतंच बोलत होती. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला, किल्ली फिरवायला हात नेला.

“काका,” श्रुती म्हणाली. “पाय वर घ्या. मांडी घालून बसा.”

“श्रुती!” आई कडाडली. “हा काय आगाऊपणा?”

सुधाकरकाका हसून वेळ मारून नेऊ शकले असते. क्षणभर त्यांच्या ओठांवर ते हसू आलंही. पण त्यांनी आरशात श्रुतीचा चेहरा बघितला, रडून सुजलेला, आणि ते हसू विरलं. त्यांनी चपला काढल्या, दुखरे गुडघे कुरकुरत दुमडले, आणि पुढच्या सीटवर पंगतीला बसावं तशी मांडी घातली.

“अहो, तुम्ही काय तिचं ऐकता?” आई म्हणाली.

“चालवा, म्याडम,” काका खाली बघत म्हणाले.

आईने फर्स्ट टाकलं, पाय वर घेतला. गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. आईने काकांच्या मांडीकडे पाहिलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बेडूक. तिचे ओठ घट्ट मिटले गेले. कशीबशी गाडी निघाली, रस्त्याला लागली, आणि कालव्याच्या पुलाच्या चढावर पुढचा टेम्पो थांबला म्हणून तिलाही थांबावं लागलं. टेम्पो गेला. आईने ब्रेक सोडला, पुन्हा बंद पडेल म्हणून क्लच मात्र दाबूनच धरला, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागली.

मागे मोटरसायकलवर दुधाच्या किटल्या लावलेला माणूस होता. तो ओरडला. काकांची मांडी मोडली, पाय खाली आदळला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. दूधवाला मात्र खिडकीशी येऊन म्हणाला, “ओ बेन, आगे जाना है के पीछे? पहले नक्की कर लो!”

काकांनी गाडी पुलापलीकडे नेऊन बाजूला लावली. आई खाली उतरली. मग काकाही उतरले, आणि श्रुतीही.

“म्हणजे,” आई अगदी हळू म्हणाली, “आमच्या घरात महिनाभर भांडण चाललंय, गेअरची की ऑटोमॅटिक. आणि मी मान ताठ करून सांगत होते, गेअरची! अहो, मी तर पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिकच चालवतेय. आणि ते ऑटोमॅटिक तुम्ही आहात!”

“म्याडम, तुमचा कॉन्फिडन्स…”

“नाव काढू नका कॉन्फिडन्सचं!” आता आईचा आवाज चढला. “मी मुलांना शिकवते, सुधाकरभाऊ. मुलाच्या हातात खडू दिला आणि हात मीच फिरवला, तर फळ्यावर उत्तर बरोबर येईल, मूलही खुश होईल. आणि परीक्षेत त्या बिचाऱ्याने काय करायचं? माझ्या नावाने रडायचं? उद्या मी घाटात असते, मागे एसटी असती, आणि शेजारची सीट रिकामी!”

काकांनी मान खाली घातली. “चुकलं,” ते म्हणाले. “एकदा सवय लागली की पाय आपसूक जातो. नीट शिकवतो, म्याडम. मांडी घालून शिकवतो. पण उद्याच्या परीक्षेपर्यंत नाय होणार. आणि घाटाला तर खूप सराव लागेल.”

 कालव्याचं पाणी वाहत होतं. श्रुतीला वाटलं, आपण बोललो नसतो तर? आई उद्या नापास झाली असती. पण निदान आज तरी हसत असती. आणि आता आई खानवेलला जाणार, आणि ते आपल्यामुळे.

आई तिच्याकडे वळली. “काल तुला बोलले मी. तू बघून सांगत होतीस, आणि मी बघायलाच तयार नव्हते.” तिने श्रुतीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून काकांना विचारलं, “तुमच्या स्कूलबाहेर सेठची एक ऑटोमॅटिकही उभी असते ना? तिच्यात तुमच्या बाजूला काय काय आहे?”

“ब्रेक. बस.”

“क्लच नाही?”

“गाडीतच नाय, तर मला कुठून असणार?”

“म्हणजे तुमच्या पायाला काही काम नाही.”

“काही नाय, म्याडम.”

“मग ती आणा,” आई म्हणाली. “आत्ता. मला गाडी हातात नकोय, पायात नकोय. मला शाळेत पोचायचंय आणि दिवेलागणीला घरी यायचंय. ते जिच्यात जमेल ती माझी गाडी. आणि यावर आता मला कुणी काही सांगू नका. कुणी म्हणजे कुणीसुद्धा!”

त्या दिवशी आई सकाळी ऑटोमॅटिकवर बसली आणि संध्याकाळी पुन्हा बसली. पुलाच्या चढावर मुद्दाम थांबली, मुद्दाम निघाली, चार वेळा, सहा वेळा. नंतर वासोण्याच्या रस्त्यावरही जाऊन आली. श्रुती मागून फक्त सुधाकरकाकांचे पाय बघत होती. ते दोन शहाण्या मुलांसारखे शेजारी शेजारी बसून होते. आई चुकली तेव्हा गाडी चुकली, आई बरोबर होती तेव्हा गाडी बरोबर. आणि संध्याकाळपर्यंत ती बहुतेक वेळा बरोबर होती.

शुक्रवारी आई पास झाली.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. पण बाबा राहिले होते ना!

आईने त्यांना सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. गुरुवारी रात्री ती म्हणाली, “अहो, गाडीचं एक बोलायचंय,” तर ते म्हणाले, “टेन्शन घेऊ नकोस, गेअर तुझ्या हातात बसलाय,” आणि डबा घेऊन पाळीवर गेले. शुक्रवारी झोपून उठल्यावर पास झाल्याचं कळलं, तर त्यांनी आईच्या हातात घरच्या गाडीची किल्ली ठेवली आणि लगेच मामाला फोन लावला. “काय रे, काय म्हणत होतास? निम्मं ठाणं? अरे, आमच्या हिने गेअरवर…”

“अहो, ऐका तरी,” आई म्हणाली.

बाबांनी हात करून थांब म्हटलं आणि बोलतच राहिले. मग बायडाबाईंना बोलावून सांगितलं. मग कंपनीतल्या मित्राला. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर असा आपटला की त्याची शिट्टी उडून ओट्याखाली गेली. “मी दमले,” ती श्रुतीला म्हणाली. “ह्या माणसाला सांगण्यापेक्षा घाट चढणं सोपं आहे.”

श्रुतीने थोडा विचार केला. मग बादली घेतली, दोन फडकी घेतली, आणि खाली जाऊन बाबांची गाडी धुवायला लागली.

बाबांनी गॅलरीतून पाहिलं आणि फोन ठेवून धावतच खाली आले. “अरे वा! आईसाठी गाडी चकाचक? शाब्बास!”

“नाही,” श्रुती म्हणाली. “फोटो काढायचेत.”

“कसले फोटो?”

श्रुतीने दुसरं फडकं त्यांच्या हातात दिलं. हातात काम असलं की बाबा ऐकतात, हे तिला माहीत होतं. आणि मग बॉनेट पुसता पुसता तिने त्यांना सगळं सांगितलं, कुठेही न थांबता. काकांचा पाय, पूल, दूधवाला, ऑटोमॅटिक. बाबा मध्ये काही बोलायला गेले की ती काच दाखवून म्हणायची, “तिथे राहिलंय.”

सांगून झालं. बाबा कितीतरी वेळ एकच जागा पुसत राहिले.

“म्हणजे ही तिला चालवता येणार नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही.”

“मी शिकवलं असतं…”

श्रुतीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

“बरं, बरं. नाही शिकवत.” त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. “आणि ही ठेवली, तर आई तिकडे राहणार.”

“हो.”

बाबांनी एक मोठा श्वास घेतला. मग खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. “काढ फोटो. ऑटोमॅटिकशी अदलाबदल करणारा कुणी मिळतो का, बघतो उद्या. फक्त पुढून नको काढूस. डाव्या कोपऱ्यात बंपर घासलाय, तो दिसायला नको. कोण बघतंय एवढं?”

श्रुतीने मोबाइल घेतला. ती चालत गाडीच्या पुढे गेली, डाव्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसली, आणि तिने पहिला फोटो त्या घासलेल्या बंपरचाच काढला.